ड्रोन आहे, पण झोन?

आमच्या ग्रुपमधल्या एकाने सेकंडहँड ड्रोन घेतला आणि सगळ्यांच्या रविवारची झोप उडाली. पहिलं उड्डाण त्याच्या सोसायटीच्या गच्चीवरून. समोरच्या गच्चीत एक काकू पापड वाळत घालत होत्या. त्यांनी वर पाहिलं, पदर सावरला आणि पापड तसेच टाकून आत गेल्या. शॉट कडक आला होता, पण बघताना कुणीच काही बोललं नाही. संध्याकाळी तो सॉरी म्हणायला गेला, तर काकू म्हणाल्या, ‘तुला मी दिसत होते. मला तू कुठे दिसत होतास?’ त्याने व्हिडीओ त्यांच्यासमोरच डिलीट केला.

‘अरे, २४९ ग्रॅमचा आहे, याला काही लागत नाही,’ हे त्याचं पेटंट वाक्य. ते अर्धंच खरं. ड्रोन नियम २०२१ नुसार २५० ग्रॅमपर्यंतचा ‘नॅनो’ आणि त्यापुढे २ किलोपर्यंतचा ‘मायक्रो’. नॅनोला आणि निव्वळ हौसेने उडवलेल्या मायक्रोला पायलट सर्टिफिकेट लागत नाही. पैसे घेऊन कुणाचं प्री-वेडिंग मायक्रोने शूट केलंत, की लागतं.

झोन मात्र वजन बघत नाही. ‘डिजिटल स्काय’च्या नकाशावर हिरव्या भागात साधारण ४०० फुटांपर्यंत मोकळीक, पिवळ्यात एटीसीची परवानगी, लाल म्हणजे थेट केंद्र सरकारची. पुण्याचा लोहगाव विमानतळ हवाई दलाचा, त्यामुळे नकाशा उघडला की पुणेकरांचा चेहरा पडतो. आमचाही पडला. काकूंची गच्ची हिरव्यात नव्हतीच! शिवाय पोलिसांचे बंदी आदेश निघतात ते वेगळे, तेही बघावे लागतात.

मग जुन्नरकडे मामाच्या शेतावर गेलो. २०२४च्या पावसाळ्यात त्या भागात रात्री ड्रोन घिरट्या घालतात म्हणून लोक काठ्या घेऊन जागले होते. चोर वरून टेहळणी करतात, अशी चर्चा होती. तिथे न सांगता काही उडवणं म्हणजे मार खायची तयारी. म्हणून आधी पोलिस पाटलांना भेटलो, मग भरदिवसा, डोळ्यांना दिसेल इतक्याच अंतरावर ड्रोन सोडला. निम्मं गाव बघायला! चार मिनिटांत एक घार त्याच्या मागे लागली. मित्राने गुपचूप खाली उतरवला.

‘झालं एवढ्यात?’ पाटील म्हणाले.