गोष्ट तीच, कान वेगळे

कोकणातल्या रेडी गावच्या लोहखनिजाच्या खाणीत १९७६ साली द्विभुज गणपतीची मूर्ती सापडली; त्याआधी स्वप्नात दृष्टान्त झाला होता, असं सांगतात. हीच हकिकत भाविकाला सांगताना तो दृष्टान्त आधी येईल, भूगोलाच्या विद्यार्थ्याला सांगताना खाण. यात खोटं काहीच नाही. गंमत पुढे आहे. १९७८ साली हिगिन्स आणि ऱ्होल्स या मानसशास्त्रज्ञांनी काही जणांना एका माणसाबद्दलचा मजकूर वाचून त्याचं वर्णन दुसऱ्याला ऐकवायला लावलं. ऐकणाऱ्याला तो आवडतो असं कळलेल्यांनी गोडवे गायले; नावडतो म्हटल्यावर उणीदुणी निघाली. नंतर मूळ मजकूर आठवायला सांगितला, तर आठवणीलाही तोच रंग चढलेला! आपल्याकडचा दशावतार या लोकनाट्यातला नट मात्र ऐकणाऱ्यानुसार सांगणं बदलण्याचं हे काम उघडउघड करतो. लिखित संहिता नसतेच, समोरचं गाव बघून संवाद जागच्या जागी रचतो.