विश्लेषण : ठोके नियमित, तरीही पेसमेकर? हार्ट फेल्युअरमध्ये ‘सीआरटी’ नेमकं कुणासाठी?

हार्ट फेल्युअरच्या काही रुग्णांना डॉक्टर ‘तीन तारांचा पेसमेकर’ सुचवतात. खर्च लाखांच्या घरात जातो आणि घरच्यांना प्रश्न पडतो की, ठोके तर मंदावलेले नाहीत, मग पेसमेकर कशाला? याचं उत्तर बऱ्याचदा रुग्णाच्या ईसीजीच्या कागदावरच असतं.

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं का?

नाही. हृदय सुरू असतं, पण शरीराला पुरेल इतकं रक्त ते पुढे ढकलू शकत नाही. त्यामुळे दम लागतो, पाय सुजतात, आडवं झोपता येत नाही. डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर पडतं, हे टूडी इकोमध्ये दिसतं. त्याला इजेक्शन फ्रॅक्शन किंवा ‘ईएफ’ म्हणतात. निरोगी हृदयात ते साधारण ५० टक्क्यांहून जास्त असतं.

ताल कसा बिघडतो?

हृदयातला विजेचा संदेश दोन शाखांमधून उजव्या आणि डाव्या कप्प्यात एकाच वेळी पोहोचतो. डावी शाखा बंद पडली, तर संदेश आधी उजवीकडे जातो आणि मग स्नायूंमधून हळूहळू डावीकडे सरकतो. याला ‘लेफ्ट बंडल ब्रांच ब्लॉक’ म्हणतात.

ओली गोधडी दोघांनी मिळून पिळताना एकाने आधी आणि दुसऱ्याने नंतर पीळ दिला, तर पाणी निघत नाही. इथेही तसंच होतं. डाव्या कप्प्याची एक भिंत आधी आकुंचन पावते, समोरची उशिरा. ताकद खर्च होते, पण रक्त आतच राहतं.

हे यंत्र काय करतं?

गळ्याजवळच्या हाडाखाली, त्वचेच्या आत यंत्र बसवतात. त्याच्या तारा शिरेतून हृदयात जातात. एक उजव्या वरच्या कप्प्यात, दुसरी उजव्या खालच्या कप्प्यात आणि तिसरी हृदयाच्याच एका शिरेतून डाव्या कप्प्याच्या बाहेरच्या बाजूला. साधा पेसमेकर बहुधा ठोका चुकला की मदतीला येतो. सीआरटी मात्र जवळपास प्रत्येक ठोक्याला दोन्ही खालच्या कप्प्यांना एकत्र इशारा देतं.

फायदा किती?

युरोपातल्या ८१३ रुग्णांवरचा ‘केअर-एचएफ’ अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी सुमारे २९ महिन्यांत फक्त औषधं घेणाऱ्यांपैकी ३० टक्के रुग्ण दगावले, तर औषधांसोबत सीआरटी बसवलेल्यांपैकी २० टक्के.

मग सगळ्यांनाच का बसवत नाहीत?

कारण ताल बिघडलेलाच नसेल, तर जुळवायचं काय? ईसीजीवरच्या उंच टोकदार भागाला ‘क्यूआरएस’ म्हणतात. त्याची रुंदी साधारण १२० मिलिसेकंदांच्या आत, म्हणजे नेहमीच्या ईसीजीवर तीन बारीक चौकोनांपेक्षा कमी असते. ही रुंदी १५० किंवा त्याहून जास्त, ब्लॉक डावीकडचा आणि औषधं घेऊनही ईएफ ३५ टक्के किंवा कमी असेल, तर फायद्याची शक्यता सर्वाधिक असते.

१३० पेक्षा कमी रुंदी असलेल्यांवरचा ‘इको-सीआरटी’ अभ्यास मात्र थांबवावा लागला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार फायदा दिसला नाहीच, उलट सीआरटी सुरू असलेल्या गटात मृत्यू जास्त होते. योग्य निवड करूनही सुमारे एक तृतीयांश रुग्णांना अपेक्षित फरक जाणवत नाही.

‘पी’ आणि ‘डी’ यात फरक काय?

सीआरटी-पी फक्त ताल जुळवतं. सीआरटी-डी जीवघेण्या वेगाने ठोके पडू लागल्यास शॉकही देतं. ते अधिक महाग असतं आणि प्रत्येकाला लागतंच असं नाही.

यंत्र बसवल्यावर औषधं बंद होतात?

नाही. औषधं, मिठावर नियंत्रण आणि यंत्राची नियमित तपासणी सुरूच राहते. बॅटरी काही वर्षांनी संपते, तेव्हा यंत्र बदलावं लागतं. मोबाइल यंत्रापासून किमान १५ सेंटीमीटर दूर ठेवावा आणि एमआरआयआधी यंत्राची माहिती द्यावी.

होकार देण्याआधी काय विचारावं?

क्यूआरएस किती रुंद आहे? ब्लॉक डावीकडचा आहे का? औषधं योग्य मात्रेत किमान तीन महिने घेऊन झाली का? ‘पी’ की ‘डी’, आणि का? ईसीजी आणि इकोचे रिपोर्ट सोबत असतील, तर दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञाचं मतही सहज घेता येतं.