दाबोळीच्या पठारावरचं जहाज

दाबोळीला उतरणाऱ्या विमानातले प्रवासी खिडकीतून अरबी समुद्र बघण्यात गुंग असतात. धावपट्टीच्या पलीकडे राखाडी लढाऊ विमानं दिसली की मात्र मान वळतेच. गोव्याचा विमानतळ म्हणून देशभर माहीत असलेली ही जागा मुळात नौदलाची आहे, आणि नौदलाच्या दप्तरी तिला जहाजाचं नाव आहे: आयएनएस हंसा.

हे नाव शोभेचं नाही. नौदलात किनाऱ्यावरचा तळही जहाजासारखाच कमिशन होतो, आणि फाटकातून वास्को शहरात निघालेला नौसैनिक ‘अशोर’, म्हणजे किनाऱ्यावर, चाललो म्हणतो.

हंसाचा जन्म गोव्यातला नाही. १९६१च्या सप्टेंबरमध्ये ती कोइमतूरजवळ सुलूरला कमिशन झाली, तेव्हा दाबोळीची धावपट्टी पोर्तुगिजांच्या हाती होती. त्याच डिसेंबरात गोवामुक्तीच्या लढ्यात भारतीय हवाई दलानं या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. पुढच्या वर्षी नौदलानं ती ताब्यात घेतली आणि १९६४मध्ये हंसा इथे राहायला आली.

विमानवाहू नौकेवरची विमानं त्या नौकेची नसतात, हे ऐकून बहुतेकांना नवल वाटतं. ती स्क्वाड्रनची असतात, आणि स्क्वाड्रनचं घर किनाऱ्यावर असतं. नौका मोहिमेवर निघाली की वैमानिक, तंत्रज्ञ, अवजारं, सुटे भाग असं सगळं बिऱ्हाड तिच्यावर चढतं. परतताना नौका बंदराला लागण्याआधीच विमानं उडून घरी येतात. धक्क्याला बांधलेल्या नौकेवरून त्यांना उडता येत नाही. त्यांना समोरून जोराचा वारा लागतो, आणि तो नौका वेगात असल्याशिवाय मिळत नाही.

स्क्वाड्रन ओळखायची ती आकड्यावरून. तीनशेच्या घरातल्या मोहिमेच्या, साडेपाचशेच्या पुढच्या शिक्षणाच्या. क्रमांक ३००, म्हणजे ‘व्हाइट टायगर्स’, १९६०मध्ये ब्रिटनमध्ये सी हॉक विमानांवर उभी राहिली. १९८३मध्ये तिच्याकडे सी हॅरियर आली, २०१६मध्ये मिग-२९के. विमानं दोनदा बदलली, पांढरा वाघ तोच राहिला. शेजारी मिगचीच ३०३ ‘ब्लॅक पँथर्स’, समुद्रावर दूरवर पाळत ठेवणारी पी-८आय विमानांची ३१६, कामोव्ह-३१ हेलिकॉप्टरांची ३३९. विनाशिकेसारख्या लहान नौकेवर अख्खी स्क्वाड्रन मावत नाही. तिथे तिच्यातली एक-दोन हेलिकॉप्टरं ‘फ्लाइट’ म्हणून जातात. पश्चिम किनाऱ्यावर अशा हेलिकॉप्टरांचं मोठं घर मुंबईत, कुलाब्याच्या आयएनएस शिक्रावर आहे. रोजची देखभाल स्क्वाड्रन स्वतः करते. मोठी दुरुस्ती गोवा आणि कोचीच्या एअरक्राफ्ट यार्डांत होते.

या सगळ्यात पाय खिळवून ठेवते ती एकच गोष्ट: हंसावरचा उतारासारखा दिसणारा, पण खरं तर वर चढणारा रस्ता. शोअर बेस्ड टेस्ट फॅसिलिटी असं त्याचं लांबलचक नाव. जवळच्याच गोवा शिपयार्डनं जमिनीवर उभारलेला हा नौकेच्या डेकचा तुकडा आहे. चौदा अंश वर वळलेला चढ, म्हणजे स्की-जंप, आणि उतरण्यासाठी आडव्या ताणलेल्या वायरी.

विमान आधी अडवून धरतात. इंजिनं पूर्ण जोरात पेटली की सोडतात. चढाच्या टोकावरून ते सुटतं तेव्हा सरळ उडायला लागणारा वेग त्याच्याकडे नसतो. पण चढानं त्याला वर भिरकावलेलं असतं, आणि त्या उसन्या उंचीवर मिळालेल्या काही सेकंदांत ते वेग कमावतं.

उतरणं याहून कठीण. साधा वैमानिक टेकण्याआधी विमानाचं नाक उचलून ते अलगद ठेवतो. नौदलाचा वैमानिक ते आपटतो. शेपटीखालचा आकडा वायरीत अडकला की ताशी सुमारे २४० किलोमीटरचा वेग अडीच सेकंदांत शून्यावर येतो. आणि नेमकं टेकताच त्याला इंजिन पूर्ण जोरात न्यावं लागतं, कारण वायर चुकली तर डेक संपायच्या आत पुन्हा उडायचं असतं. थांबायला आलेला माणूस पळायच्या तयारीनं उतरतो. ही सवय अंगात मुरवायला समोर समुद्र नसलेला डेक लागतो.

२० डिसेंबर २०१४ रोजी कमोडोर जयदीप मावळणकर यांनी नौदलासाठीच्या तेजसचा पहिला नमुना याच चढावरून उडवला. नौदलाच्या तेजसला इथल्या वायरीवर पहिल्यांदा थांबवायला मात्र २०१९चा सप्टेंबर उजाडला. त्यानंतर चारच महिन्यांत, ११ जानेवारी २०२० रोजी, मावळणकरांनी ते भर समुद्रात विक्रमादित्य या विमानवाहू नौकेवर उतरवलं.

काळजी वाटते ती चढाची नाही, त्यावर चढणाऱ्या विमानांची. कॅगच्या २०१६च्या अहवालानं मिग-२९केच्या मिळालेल्या ६५ इंजिनांपैकी ४० दोषांमुळे बाजूला काढावी लागल्याचं नोंदवलं, आणि एकासनी विमानांची उड्डाणयोग्यता ३८ टक्क्यांच्याही खालीच राहिल्याचं सांगितलं. १६ नोव्हेंबर २०१९ रोजी दाबोळीहून उडालेल्या प्रशिक्षण मिगला पक्षी धडकले आणि ते कोसळलं. दोन्ही वैमानिक वाचले. एका वर्षानं, २६ नोव्हेंबर २०२०च्या अपघातात मात्र कमांडर निशांत सिंग गेले. तळाच्या आत हा सगळा सराव चालू असताना धावपट्टी नागरी विमानांशी वाटून घ्यावी लागते. २०२३च्या जानेवारीत मोपाचा नवा विमानतळ सुरू झाला तरी दाबोळीची प्रवासी वाहतूक थांबलेली नाही.

नौदलासाठीचं तेजस नौकेवरून पुरेसा भार घेऊन उडायला जड पडतं, असं नौदलानं २०१६मध्येच सांगितलं होतं. म्हणून २०२२मध्ये फ्रान्सचं राफेल-एम आणि अमेरिकेचं एफ-१८ ही दोन्ही विमानं हंसाच्या चढावरून उडून दाखवायला आली. एप्रिल २०२५मध्ये २६ राफेलचा करार झाला. ती सगळी हाती यायला २०३० उजाडेल. तोवर विक्रमादित्य आणि विक्रांत या दोन नौकांचे डेक भरायचे ते ३०० आणि ३०३ यांच्या मिग विमानांनीच. समुद्रावरून आलेल्या त्या विमानांच्या अंगावरचं मीठ गोड्या पाण्यानं धुऊन काढत नौसैनिक त्यांना पुढच्या उड्डाणासाठी उभं करत राहतात.