दात येतायत, होईल बरे

कोपरगावच्या बेटात शुक्राचार्यांचे मंदिर आहे. मेलेल्याला उठवणारी संजीवनी विद्या कचाने गुरूकडून मिळवली ती इथेच, अशी या भागाची श्रद्धा. तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या नावातही पूर्वी ‘संजीवनी’ होती. पण ती विद्या मृत्यूनंतर उपयोगी पडणारी. रात्री दोन वाजता तापाने फणफणलेले लेकरू मांडीवर घेऊन बसलेल्या आईपुढचा प्रश्न त्याच्या कितीतरी आधीचा असतो: आत्ता निघायचे, की उजाडेपर्यंत थांबायचे?

मी डॉक्टर नाही. शब्दांच्या मागे लागण्याची मला सवय आहे. बालआजारांची प्रशिक्षणपुस्तके, गडचिरोलीतून प्रसिद्ध झालेले शोधनिबंध आणि आपल्याकडच्या बायकांची रोजची बोली शेजारी शेजारी ठेवून वाचताना एक गोष्ट ठळक होत गेली. निघायचे की थांबायचे, याचा निर्णय दवाखान्यात होत नाही, तो घरात होतो. आणि घरात त्या घटकेला कोणता शब्द उच्चारला जातो, यावर तो बराचसा ठरतो.

आपल्या घरांत दोन तऱ्हेचे शब्द आहेत. पहिले थांबवणारे. ‘दात येतायत’, ‘दृष्ट लागली’, ‘हवा बदलली’, ‘उष्णता झालीय’, ‘आमच्याही पोरांना असंच व्हायचं’. हे शब्द खोटे असतात असे नाही. मुलांची बहुतेक सर्दी-पडशी आपोआप बरी होतात, त्यामुळे हे शब्द पुष्कळदा खरे ठरतात. घात होतो तो त्यामुळेच. पुष्कळदा खरा ठरलेला शब्द एखाद्या रात्री आपल्याला गाफील ठेवतो. दात येताना मूल किरकिर करते, लाळ गाळते. पण जोराचा ताप, सततची हगवण किंवा धाप यांचे कारण दात नसतात.

दुसरे शब्द पाहणारे. ‘धाप लागलीय’, ‘पोट उडतंय’, ‘मलूल पडलंय’, ‘निपचित झालंय’, ‘अंगावर ओढत नाही’, ‘टाळू खोल गेलीय’, ‘आकडी आली’. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत पाच वर्षांखालच्या मुलासाठी धोक्याच्या ज्या ढोबळ खुणा दिल्या आहेत, त्या अशा: मूल काही पिऊ शकत नाही किंवा अंगावर ओढत नाही, जे घेईल ते सगळे उलटून टाकते, झटके येतात, सुस्त किंवा बेशुद्ध असते. यांतली एक जरी दिसली तरी तातडीने दवाखाना. ही यादी वाचून कोणत्याही आजीला नवे काही कळणार नाही. शब्द तिच्याकडे आहेतच. ते उच्चारल्यावर पाऊल उचलायचे, एवढीच सवय कमी आहे.

हे नुसते म्हणणे नाही, महाराष्ट्रात ते सिद्ध झाले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेचे काम सुरू केले. तिथे लहान मुले न्यूमोनियाने मोठ्या संख्येने दगावत होती आणि डॉक्टर दूर होते. त्यांनी गावातले आरोग्यसेवक आणि दाया यांना मुलाचे श्वास मोजायला आणि न्यूमोनिया ओळखून औषध द्यायला शिकवले. ज्यांना आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी मण्यांचे एक साधे साधन केले: मिनिटभराची वाळूची घडी आणि सळीवर मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी आला तर श्वास जोरात आहे. 1990मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले. उपचार मिळालेल्या गावांत न्यूमोनिया झालेल्या मुलांतले मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली होते. तुलनेच्या गावांत ते तेरा टक्क्यांहून अधिक होते. पुढे 39 गावांतल्या आरोग्यदूत स्त्रियांनी घरोघर नवजात बाळांची देखभाल केली. 1999मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधानुसार, तुलनेच्या गावांच्या हिशेबात नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. आज प्रसूतीनंतर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी दारात येतात, त्या पद्धतीचे मूळ या कामात आहे.

श्वास मोजणे सोपे आहे, पण त्याची रीत आहे. मूल शांत हवे. रडत किंवा दूध पीत असताना मोजू नये. झबले वर करून पोट-छातीची हालचाल पाहायची आणि घड्याळ लावून पुरे एक मिनिट मोजायचे, कारण लहान मुलाचा श्वास एका लयीत नसतो. दोन महिन्यांखालच्या बाळात मिनिटाला 60 किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष 50 किंवा अधिक, एक ते पाच वर्षे 40 किंवा अधिक, हा जोरातला श्वास. तान्ह्या बाळात आकडा जास्त आला तर पुन्हा एकदा मोजावे. श्वास आत घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ कण्हत असेल, ओठ-जीभ निळसर दिसत असतील, तर मोजत बसू नये. निघावे.

तापाबाबत आपण थर्मामीटरच्या आकड्याला घाबरतो आणि मुलाकडे पाहायचे विसरतो. 103 ताप असलेले मूल ताप उतरल्यावर खेळत असेल, पाणी मागत असेल, तर त्याला सकाळी दाखवले तरी सहसा चालते. शंभरच ताप, पण मूल हाक मारली तरी बघत नाही, मान कडक झालीय, उचलले की लोळागोळा होते, हे अधिक भयाचे. दोन महिन्यांखालच्या बाळाला मात्र हा नियम लागू नाही. त्याला ताप आला, किंवा उलट अंग गार पडले, रडणे क्षीण झाले, ओढणे कमी झाले, तर वाट पाहण्याची मुभाच नाही. इतके लहान बाळ मोठ्यांसारखे फणफणतेच असे नाही. कधी ते नुसते गप्प होते. ‘किती गुणी आहे, रडतही नाही’ असे कोणी म्हणाले, तर ते दूध ओढते का हे आधी पाहावे.

हगवणीत जुलाब किती झाले यापेक्षा पाणी किती उरले हे महत्त्वाचे. ओआरएस पहिल्या पातळ शौचापासून सुरू करावे, अंगावरचे दूध बंद करू नये. डोळे खोल गेले, तान्ह्याची टाळू बसली, बराच वेळ लघवी झाली नाही, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश खाली बसते, शौचात रक्त दिसते, या खुणा दवाखान्याच्या आहेत. आकडी आली तर कुशीवर निजवावे, तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ जातो. पहिलीच आकडी असेल तर ती थांबली तरी दाखवावे, पाच मिनिटांत थांबली नाही तर वाटेतच असावे. विंचू चावल्यावर मुलाला दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार, असे झाले तर उतारा-मंत्र बाजूला ठेवावा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी अशा रुग्णांवर प्राझोसिन हे औषध वापरून दाखवले, आणि ते लवकर मिळण्याला महत्त्व आहे.

मग खुणा कळूनही माणसे का थांबतात? माता-मृत्यूंचा अभ्यास करणाऱ्या थॅडियस आणि मेन यांनी 1994मध्ये उशिराचे तीन टप्पे सांगितले: निर्णय घेण्यातला, पोहोचण्यातला आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला. कोपरगावात सरकारी रुग्णालय आहे, शिर्डी पंधराएक किलोमीटरवर आहे, तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो, 108 क्रमांकाची रुग्णवाहिका 2014पासून राज्यभर आहे. दुसरा टप्पा पूर्वीपेक्षा आखूड झाला. पहिला मात्र उंबऱ्याच्या आतच आहे, आणि तिथे रस्ता कामाला येत नाही. सून म्हणते, ‘आज हे वेगळंच दिसतंय.’ सासू म्हणते, ‘दात येतायत.’ नवरा ड्यूटीवर, पैसे त्याच्याकडे, गाडी दिराची. सगळ्यांचे होकार जमेपर्यंत रात्र सरते.

आणि तालुक्यात अशीही घरे आहेत ज्यांना उंबराच नाही. दिवाळीच्या आगेमागे गळीत हंगाम सुरू होतो, आणि बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेल्या ऊसतोड कुटुंबांच्या कोप्या फडाजवळ उभ्या राहतात. थंडी, चुलीचा धूर, पाचटाचे छप्पर. लहान मुलांच्या छातीला सगळे वाईट. नवरा-बायको मिळून एक कोयता, पहाटे फडात. एक दिवस चुकला तर खाडा, आणि अंगावर उचल आधीच. त्या आईला धाप कळत नाही असे नाही. ती ओळखते, पण निघण्याची किंमत तिला आधी मोजावी लागते. गावच्या आशाताईला ती ओळखत नाही, आशाताईच्या वहीत तिचे नाव नाही. म्हणून कोपीजवळून जाणाऱ्या शेतमालकाने, टोळीच्या मुकादमाने हे आकडे माहीत करून घेतले, तर त्यांचा उपयोग पुस्तकापेक्षा जास्त होईल. लेकराच्या आजारपणाचा खाडा धरायचा नाही, एवढे ठरायला कायद्याची वाट पाहायची गरज नाही.

ज्यांना उंबरा आहे त्यांनी एक काम दिवसाउजेडी करून ठेवावे. रात्री निघायचे झाले तर कोणाची गाडी, पैसे कुठल्या डब्यात, दुसरे मूल कोणाकडे, हे आजच ठरवावे. लसीकरणाचे कार्ड आणि चालू औषधे एका पिशवीत असावीत. डॉक्टरांना सांगायच्या गोष्टी चारच: कधीपासून, शेवटचे काय प्यायले, लघवी कधी झाली, कोणते औषध किती दिले. आणि घरात एक नियम करावा. मुलाजवळ चोवीस तास असणारी बाई ‘आज वेगळं दिसतंय’ म्हणाली, की इतरांनी कारण विचारायचे नाही, गाडीची किल्ली शोधायची. दवाखान्यात जाऊन काहीच निघाले नाही, तर घरच्यांनी तिला हसू नये. हसले तर पुढच्या वेळी ती बोलणार नाही.