पीएसपीवर फक्त जीटीए खेळलात? मग हे गेम तुमच्याकडून राहून गेलेत

पीएसपी म्हटलं की बहुतेकांना तीन-चारच नावं आठवतात. जीटीए: लिबर्टी सिटी स्टोरीज, गॉड ऑफ वॉर, टेकन आणि फार तर कुस्तीवाला डब्ल्यूडब्ल्यूईचा गेम. ज्यांच्या घरी पीएसपी होता त्यांनी हे गेम रात्र रात्र खेळले. ज्यांच्याकडे नव्हता त्यांनी मे महिन्याच्या सुट्टीत मावसभावाकडे हट्ट करून पाच मिनिटं पदरात पाडून घेतली, तीही याच गेम्सवर.

पण या कन्सोलवर शेकडो गेम आले होते, आणि पीएसपीची खरी गंमत ज्यांच्यात होती ते त्या यादीतच नाहीत. आता वाईट बातमी अशी की त्यातले काही आज पैसे मोजायची तयारी असली तरी सरळ मार्गाने विकत मिळत नाहीत. म्हणून हे गेम कोणते, ते मागे का पडले आणि आज त्यांच्यापर्यंत पोहोचायचं कसं, ते बघू.

आधी थोडी पार्श्वभूमी. सोनीने पीएसपी, म्हणजे प्लेस्टेशन पोर्टेबल, डिसेंबर २००४ मध्ये जपानमध्ये आणला आणि २००५ मध्ये बाकी जगात. ४.३ इंची स्क्रीन, डाव्या अंगठ्याखाली एकच छोटी ॲनालॉग बटणी, आणि गेम यायचे यूएमडी नावाच्या प्लास्टिकच्या डबीत बंद असलेल्या छोट्या डिस्कवर. एका डिस्कवर जास्तीत जास्त १.८ जीबी. त्या काळात हा आकडा प्रचंड होता. जगभरात साडेसात कोटींहून जास्त पीएसपी विकले गेले आणि २०१४ मध्ये जपानमधलीही विक्री सोनीने आवरती घेतली.

सोनीने पीएसपी खपवला तो "घरातला प्लेस्टेशन आता खिशात" या थाटात. त्यामुळे लोकांनीही तेच मागितलं. टीव्हीवर खेळतो तो मोठा गेम, तसाच्या तसा, फक्त लहान पडद्यावर. गंमत म्हणजे यात पीएसपी थोडा लंगडाच पडायचा. मोठ्या गेममध्ये एका अंगठ्याने चालायचं आणि दुसऱ्याने कॅमेरा फिरवायचा असतो. इथे दुसरी ॲनालॉग नव्हतीच. मग जीटीएमध्ये पोलीस मागे लागले की कॅमेरा भलतीकडेच बघायचा. डिस्क गर्रगर्र फिरत राहायची आणि लोडिंग संपेपर्यंत बसचा स्टॉप यायचा.

भारतात आणखी एक गोष्ट झाली. अनेकांच्या पीएसपीवर दुकानदाराने मेमरी स्टिकमध्ये गेम भरून दिलेले असायचे. दुकानदार काय भरणार? ज्याचं नाव गिऱ्हाईक घेतं तेच. त्यामुळे विचित्र नावाचे, जपानी वळणाचे, कुणीच न मागितलेले गेम आपल्यापर्यंत आलेच नाहीत.

यातला पहिला गेम म्हणजे हाफ-मिनिट हीरो. मार्व्हलस या जपानी कंपनीचा, २००९ चा. नावातच सगळं आहे. एका दुष्टाने जगाचा नाश करणारा मंत्र टाकलाय आणि तो पूर्ण व्हायला फक्त ३० सेकंद आहेत. तेवढ्यात हीरोने गावात जायचं, तलवार घ्यायची, राक्षसांशी लढून ताकद वाढवायची आणि शेवटच्या खलनायकाला संपवायचं. जपानी रोल-प्लेइंग गेममध्ये याच कामाला ४०-५० तास लागतात. इथे लढाया आपोआप होतात, हीरो धावत जाऊन शत्रूवर आदळतो आणि विषय संपतो.

मग ३० सेकंदांत जमतं कसं? तर वेळेची एक देवी आहे. तिला पैसे दिले की घड्याळ पुन्हा ३० वर येतं. फुकट काही नाही. प्रत्येक वेळी तिचा भाव वाढतो. त्यामुळे खिशातल्या पैशांची चांगली ढाल घ्यायची की अर्धा मिनिट विकत घ्यायचा, हा हिशेब सतत डोक्यात चालू राहतो. एखादं पुलाचं काम करून ठेवलं तर पुढचा वळसा वाचेल का, हा दुसरा हिशेब. मोहीम संपली की पडद्यावर सिनेमासारखी श्रेयनामावली येते. दर वेळी. दोन-तीन मिनिटांचा खेळ आणि त्यावर एवढा थाट, यातच त्याचा विनोद आहे. लोकलमध्ये दादर ते कुर्ला एवढ्या वेळात आख्खं जग एक-दोनदा वाचवून होतं. हातात धरायच्या कन्सोलसाठी यापेक्षा नेमका गेम सापडणं कठीण. तो नंतर कॉम्प्युटरवर आला आणि स्टीमवर २०१२ पासून आहे, म्हणजे हा सुटला.

क्रश मात्र सुटला नाही. ब्रिटनच्या झोई मोड या स्टुडिओने बनवलेला आणि सेगाने २००७ मध्ये आणलेला हा कोड्यांचा गेम. डॅनी नावाच्या तरुणाला झोप लागत नाही. एक डॉक्टर त्याला यंत्राला जोडतो आणि आपण थेट डॅनीच्या मनात उतरतो. तिथे हवेत तरंगणारे ठोकळे, रस्ते, दिवे आहेत. पलीकडचा ठोकळा लांब आहे, उडी पोहोचत नाही. अशा वेळी कॅमेरा फिरवायचा आणि एक बटण दाबायचं. सगळी त्रिमिती दुनिया कागदासारखी सपाट होते. मघाशी लांब असलेला ठोकळा आता शेजारी येऊन चिकटलेला असतो. त्यावर चालत जायचं आणि दुनिया पुन्हा उघडायची. तुम्ही पलीकडे पोहोचलेले असता.

ऐकायला सोपं वाटतं. पण वरून बघून सपाट केलं तर एक रस्ता बनतो, बाजूने केलं तर दुसरा, आणि चुकीच्या बाजूने केलं तर ठोकळ्यामध्येच चिरडायची वेळ. पाचव्या-सहाव्या कोड्यानंतर डोकं वेगळ्या पद्धतीने चालायला लागतं. समीक्षकांनी याचं कौतुक केलं, पण गेम खपला नाही. त्याच वर्षी निन्टेंडोचा सुपर पेपर मारिओ साधारण अशीच कल्पना घेऊन आला होता. मारिओ समोर असताना झोप न लागणाऱ्या डॅनीला कोण विचारतो! पुढे २०१२ मध्ये निन्टेंडो ३डीएससाठी त्याची नवी आवृत्ती निघाली. ३डीएसच्या ऑनलाइन दुकानातली खरेदी २७ मार्च २०२३ ला बंद झाली. आता क्रश खेळायचा तर कुणाची तरी जुनी डिस्क किंवा कार्ट्रिज शोधायचं, एवढंच उरलंय.

याच जातकुळीतला एकोक्रोम. पांढरा पडदा, काळ्या रेघा आणि एक चालणारा बाहुला. जे दिसत नाही ते नाहीच, हा इथला नियम. रस्त्यात भोक असेल तर चित्र असं फिरवा की ते खांबाआड जाईल. भोक गायब, बाहुला आरामात पुढे. दोन रस्त्यांमधली फट झाकली तर ते खरंच जोडले जातात. सोबत व्हायोलिनचं संथ संगीत. मात्र एका बैठकीत तासभर खेळू नका, कंटाळा येतो. रोज झोपण्याआधी दोन कोडी, एवढा डोस पुरे.

यानंतरचा गेम नावामुळे अडचणीत आला. त्याचं पहिलं इंग्रजी नाव होतं होली इन्व्हेजन ऑफ प्रायव्हसी, बॅडमॅन! व्हॉट डिड आय डू टू डिझर्व्ह धिस? हे नाव बॅटमॅनच्या फारच जवळ जात होतं. शेवटी प्रकाशकाने नाव बदलून व्हॉट डिड आय डू टू डिझर्व्ह धिस, माय लॉर्ड? असं केलं.

यात तुम्ही खलनायकाच्या बाजूने आहात. हातात फक्त एक कुदळ. जमीन खणत भुयार करायचं. ज्या मातीत सत्त्व आहे तो ठोकळा फोडला की शेवाळासारखा जीव बाहेर पडतो. तो फिरत फिरत मातीतलं सत्त्व एकीकडून दुसरीकडे नेतो. सत्त्व साचलं की तिथून किडे निघतात, ते शेवाळ खातात. किड्यांना खाणारे सरडे-माणसं त्यानंतर. तुम्ही थेट कुणालाच हुकूम देऊ शकत नाही. फक्त कुठे खणायचं ते ठरवायचं. मग वरून हीरो उतरतात, तुमच्या मालकाला दोरीने बांधून फरफटत नेऊ लागतात आणि तुम्ही पाळलेली अन्नसाखळी त्यांना अडवते. किंवा अडवत नाही, कारण घाईत जास्त खणलं आणि किड्यांनी सगळं शेवाळ फस्त केलं. शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातला अन्नसाखळीचा धडा इतका चटका देऊन कुणी शिकवला नसेल. गेम अवघड आहे, पहिल्या तासात दहा वेळा हराल. याचा तिसरा भाग, नो हीरोज अलाउड!, २०२२ मध्ये प्लेस्टेशन प्लसच्या जुन्या गेम्समध्ये आला. भारतात हे जुने गेम डिलक्स प्लॅनमध्ये मिळतात.

जान दार्कची गोष्ट थोडी वेगळी. त्याला खेळणाऱ्यांनी डोक्यावर घेतलं, पण मुळात तो फार लोकांच्या हातात पडलाच नाही. लेव्हल-५ ने बनवलेला हा गेम २००६ मध्ये जपानमध्ये, २००७ मध्ये अमेरिकेत आला आणि युरोपात त्याची डिस्क निघालीच नाही. म्हणजे फ्रान्सच्या सर्वांत प्रसिद्ध वीरांगनेवरचा गेम फ्रान्सच्याच दुकानात नव्हता. यात बुद्धिबळासारख्या पटावर सैनिक एकेक करून हलवायचे. शत्रूवर वार केला की त्याच्या मागच्या चौकोनात एक तेज उमटतं आणि त्या चौकोनात उभा राहून वार करणाऱ्या आपल्या पुढच्या सैनिकाचा फटका जास्त जोरात बसतो. त्यामुळे कोण आधी हलणार, कुठून मारणार हे ठरवण्यातच मजा आहे. इतिहासात राक्षस आणि जादूची कडी मिसळली आहेत, तेव्हा याच्यावर इतिहासाची परीक्षा देऊ नका. २०२४ मध्ये तो पीएस४ आणि पीएस५ वर आला. या यादीतला एकच गेम घ्यायचा असेल आणि हाताशी वेळ असेल, तर हाच घ्या.

आता आपल्या घरचे दोन. पीएसपीवर भारतात बनलेले गेमही आले होते, हे किती जणांना माहीत असेल? २००९ चा देसी अड्डा: गेम्स ऑफ इंडिया हैदराबादच्या गेमशास्त्रने केला. विटी-दांडू, कबड्डी, पतंगबाजी असे आपले खेळ त्यात होते. २०१० मध्ये मुंबईच्या ट्राइन गेम्सचा स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स आला, म्हणजे आपलं गल्ली क्रिकेट. दोन्ही प्लेस्टेशन २ वरही निघाले. हे गेम जागतिक दर्जाचे होते असा दावा कुणी करू नये. बटणं दाबण्याचा तोच तो प्रकार लवकर संपतो. पण सोनीच्या कन्सोलवर विटी-दांडू आणण्याइतकी हिंमत त्या वेळी कुणीतरी केली होती. गॉड ऑफ वॉर कुठे ना कुठे जिवंत राहीलच. हे राहतील का, हा प्रश्न आहे.

हा प्रश्न हवेतला नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये अभ्यास करून सांगितलं की अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या जुन्या गेम्सपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्ध नाहीत. पीएसपीची बहुतेक वर्षं त्याच काळात येतात. मार्च २०२१ मध्ये सोनीने पीएस३, व्हिटा आणि पीएसपीची ऑनलाइन दुकानं बंद करायची घोषणा केली. खेळणाऱ्यांनी गदारोळ केला तेव्हा एप्रिलमध्ये पीएस३ आणि व्हिटाचा निर्णय मागे घेतला. पीएसपीवरून खरेदी मात्र २ जुलै २०२१ ला संपलीच. दुकान बंद झालं की मोठ्या नावांना नवं दुकान मिळतं. छोट्यांना कुणीतरी हक्क कुणाकडे आहेत ते शोधून, खर्च करून पुन्हा आणावं लागतं, आणि खपाचा हिशेब लावला की तो खर्च करायला कुणी पुढे येत नाही.

मग आज खेळायचं कसं? जुना पीएसपी घेणार असाल तर आधी मागचं झाकण उघडून बॅटरी बघा. फुगलेली असेल तर ती वापरू नका, चार्जिंगला तर अजिबात लावू नका. यूएमडी घालून गेम पूर्ण सुरू होतो का ते समोरच तपासा, कारण डिस्क वाचणारा भाग सगळ्यात आधी थकतो. पीएसपी गो या मॉडेलमध्ये डिस्कची जागाच नाही, त्यामुळे डिस्कवरचे गेम खेळायचे असतील तर ते टाळा. एक सोय चांगली आहे. पीएसपीच्या गेम डिस्कना देशाचं बंधन नाही. जपानची किंवा अमेरिकेची डिस्क इथल्या पीएसपीवर चालते. फक्त जपानी डिस्कवरची भाषा बहुधा जपानीच असेल, तेवढं बघून घ्या.

फोनवर खेळायचं तर पीपीएसएसपीपी हा फुकट एम्युलेटर २०१२ पासून आहे. अँड्रॉइडवर तो आधीपासून होता, आयफोनच्या ॲप स्टोअरवर २०२४ मध्ये आला. एम्युलेटर वापरणं बेकायदा नाही, पण तो येतो रिकामा, गेम तुम्हाला आणावा लागतो. इंटरनेटवरून कुणीतरी चढवलेली कॉपी उतरवून घेणं हा कॉपीराइटचा भंग ठरतो, गेम दुकानात मिळत असो वा नसो. कुणाच्या कपाटात जुनी डिस्क आणि चालू पीएसपी दोन्ही असतील, तर त्या डिस्कवरून फाइल काढून फोनवर घेता येते. क्रशसाठी सध्या एवढाच रस्ता मोकळा आहे, तेव्हा मावसभावाला एकदा फोन करून बघायला हरकत नाही.