फोर्कलिफ्ट अडते तेव्हा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

भिवंडीची गोदामे असोत की चाकणचे कारखाने, माल उचलणारी फोर्कलिफ्ट आता सगळीकडे दिसते. बॅटरीवर चालणारी गाडी धूर सोडत नाही, म्हणून बंद जागेत तिलाच पसंती मिळते. पण ती अडली की ट्रक दारात खोळंबतात, हमाल बसून राहतात आणि मुकादमाचा पहिला प्रश्न चालकाला असतो, ‘काय केलंस रे?’ खरे तर प्रश्न ‘काय झालं?’ असा हवा. कारण विजेचा दोष शोधण्याची एक साधी रीत आहे.

आधी डोळ्यांनी पाहावे. आणीबाणीचे लाल बटण दाबलेले राहिले आहे का? बॅटरीचा मोठा प्लग नीट बसला आहे का? हँडब्रेक ओढलेला आहे का? पुढे-मागे जाण्याची दांडी न्यूट्रलला आहे का? अनेक गाड्यांत किल्ली फिरवण्याआधीच पाय ॲक्सिलरेटरवर असेल, तर गाडी हलतच नाही. तो बिघाड नव्हे, ती गाडीची सावधगिरी आहे. पाय काढावा, किल्ली बंद करून पुन्हा फिरवावी.

मग पाहावे, नक्की काय बंद आहे? फाळके वर जातात, पण गाडी चालत नाही, असे असेल तर बॅटरी बहुधा ठीक आहे. दोष चालण्याच्या सर्किटमध्ये शोधावा. दोन्ही बंद असतील, तर दोन्हींना सामाईक अशा गोष्टींकडे, म्हणजे बॅटरी, मुख्य फ्यूज आणि किल्लीकडे वळावे. कॉन्टॅक्टर असलेल्या गाडीत ‘खट्’ असा आवाज येतो. तो आलाच नाही, तर किल्ली, लहान फ्यूज, सीटखालचा स्विच तपासावा. आवाज येऊनही गाडी ढिम्म असेल, तर कॉन्टॅक्टरचे जळलेले पॉइंट किंवा त्यापुढचा भाग पाहावा. पडद्यावर दिसणारा कोड दोषाची गल्ली सांगतो, घर सांगत नाही. तेवढ्यावरून महागडा कंट्रोलर बदलू नये.

आता बॅटरी. 48 व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीत दोन-दोन व्होल्टचे 24 सेल ओळीने जोडलेले असतात. गाडी उभी असताना मल्टिमीटर 50 व्होल्ट दाखवेल आणि आपण निश्चिंत होऊ. पण वजन उचलताच आकडा धाडकन खाली आला, तर एखादा सेल अशक्त आहे. म्हणून मोजमाप भार असताना करावे. हायड्रोमीटरने प्रत्येक सेल तपासावा. पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीत 1.28 च्या आसपास आकडा येतो. बाकीच्यांपेक्षा फार खाली असलेला सेल हाच संशयित.

सैल किंवा पांढरे-हिरवे कीट चढलेला जोडही असाच फसवतो. भार असताना त्या जोडाच्या दोन्ही बाजूंना मीटर लावावा. अर्धा व्होल्ट फरक क्षुल्लक वाटतो, पण 200 अँपिअर प्रवाह वाहत असेल, तर त्या एका नटाखाली 100 वॉट उष्णता तयार होते. केबल काळी पडते ती यामुळेच.

हे काम जाणत्या मिस्त्रीचेच आहे. 48 व्होल्टचा धक्का सहसा जाणवत नाही, म्हणून लोक गाफील राहतात. पण दोन टर्मिनलांवर पाना पडला, तर प्रवाह हजारो अँपिअरपर्यंत जाऊन पाना वितळू शकतो. हातातली अंगठी, कडे आधी काढावे. कंट्रोलरला हात लावण्यापूर्वी प्लग काढावा आणि आतले कपॅसिटर रिकामे झाल्याची मीटरने खात्री करावी. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू सुटतो. हवेत त्याचे प्रमाण 4 टक्के झाले, तरी ठिणगीने स्फोट होऊ शकतो. तिथे बिडी-सिगारेट नकोच. चालवून तपासणी करायची, तर चालणारी चाके जमिनीपासून उचलून, ठोकळ्यांवर भक्कम टेकवून मगच.

शेवटी एक कळकळीची सूचना. सीटचा स्विच सारखा त्रास देतो म्हणून वायर जोडून तो ‘डायरेक्ट’ करण्याची वाईट सवय आहे. त्या दिवशी गाडी धावते, मुकादम खूश होतो. पण चालक उतरल्यावर गाडी जागीच राहावी म्हणून तो स्विच असतो. कधी तरी घाईत उतरताना कुणाचा धक्का लागतो, गाडी सुटते आणि समोर माणूस असतो. उडालेल्या फ्यूजच्या जागी जाड तार घालणे हाही तसाच खेळ. फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो, तेव्हा तो काही तरी सांगत असतो.

म्हणून गोदामात एक वही ठेवावी. बिघाड कधी झाला, गाडीवर किती भार होता, कोणता आवाज आला, हे चालकाने त्याच दिवशी लिहावे आणि दोष निघेपर्यंत गाडीला ‘चालवू नये’ अशी पाटी लावावी. दिवसभर त्या सीटवर बसणाऱ्याला गाडीची नस कळलेली असते. त्याला दरडावण्याआधी त्याचे ऐकून घ्यावे. अर्धी दुरुस्ती तिथेच होते.