सुरम्याची सलाई आणि लेकराचा मेंदू

आपल्या घरांत मूल जन्मले की काही दिवसांतच त्याच्या डोळ्यांत सुरमा जातो. दादी म्हणते, डोळे मोठे होतील. नानी म्हणते, नजर लागणार नाही. ईदच्या सकाळी तर अत्तर आणि सुरम्याशिवाय तयारी पुरी होत नाही. या मायेत काहीच खोट नाही. पण सलाईवर नेमके काय असते, हे आपण कधी विचारले आहे का?

बाजारात सुरमा म्हणून मिळणारा काळा, चमकदार दगड पुष्कळदा गॅलेना असतो. गॅलेना म्हणजे शिसे आणि गंधक यांचे संयुग. डोळ्यांत घातलेली त्याची पूड अश्रूंबरोबर नाकातून घशात उतरते. बाळ डोळे चोळते आणि तीच बोटे तोंडात घालते. पोटात गेलेले शिसे मोठ्यांपेक्षा लहान मुलांच्या शरीरात चार ते पाच पट अधिक शोषले जाते. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत साठवते. मेंदूच्या पेशी एकमेकींना निरोप देतात त्यातही कॅल्शियमचे काम असते. तिथे शिसे घुसले की निरोप बिघडतात. कोवळ्या वयात झालेले हे नुकसान सहसा भरून निघत नाही. गरोदर आईच्या शरीरातले शिसेही बाळापर्यंत पोहोचते.

ताप नाही, पुरळ नाही, त्यामुळे घरात कोणाला पत्ता लागत नाही. दिसते ते वर्गात. अमेरिकेत हर्बर्ट नीडलमन या डॉक्टरांनी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून त्यांतले शिसे मोजले. कोणाच्या दातात किती शिसे आहे हे ठाऊक नसलेल्या शिक्षकांना त्यांनी त्या मुलांच्या वागण्याबद्दल विचारले. 1979 साली निष्कर्ष छापून आले. ज्यांच्या दातांत शिसे जास्त, त्यांच्याबद्दल शिक्षकांची तक्रारही जास्त: लक्ष लागत नाही, काम अर्धवट सोडतो, सांगितलेले ऐकत नाही, लगेच चिडतो.

आम्हा शिक्षकांना ही यादी तोंडपाठ आहे. अशा मुलाला आम्ही 'मस्तीखोर' म्हणून मागच्या बाकावर बसवतो. प्रत्येक चंचल मुलाच्या अंगात शिसे असते असे नाही. पण शिक्षा करण्याआधी कारण शोधायला हवे, एवढे तरी आम्ही शिकलो.

कोणी म्हणेल, सुरमा तर सुन्नत आहे. हदीसमध्ये 'इस्मिद'चा उल्लेख आहे, हे खरे. इस्मिद म्हणजे अँटिमनीचा दगड, असे सामान्यतः सांगितले जाते. पण पुडीवर 'इस्मिद' छापल्याने आतले शिसे अँटिमनी होत नाही. प्रेषित (सल्ल.) यांच्यावरील प्रेमापोटी आपण विकत आणतो ती वस्तू तीच आहे का, हे तपासणे आपलेच काम नाही का?

भारतात 2000 साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. घरातल्या सुरमेदानीवर मात्र आपल्यालाच लक्ष ठेवायचे आहे. लहान मुलांना आणि गरोदर स्त्रियांना सुरमा लावू नये. आजवर लावत आला असाल, तर घाबरू नका. डॉक्टरांना सांगा, रक्तातले शिसे तपासता येते. मुलांचे हात जेवणाआधी धुवा. दूध, नाचणी, पालेभाज्या, डाळी रोज द्या. कॅल्शियम आणि लोह पुरेसे असले की शिसे कमी शोषले जाते. दादी-नानींना मात्र दुखवू नका. त्यांच्याजवळ बसून हा लेख वाचून दाखवा.

औलाद ही अल्लाहची अमानत आहे. ती सांभाळण्याची समज तो आपल्याला देवो. आमीन.